नाट्यनिर्माता नेमकं करतो काय? (सोलापूरचा प्रयोग धरून बोला)

सातरस्ता

मुंबईचं नाटक सोलापुरात आलं की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. "तिकीट लै केलंय बे" आणि "निर्मात्याला काय, बसून पैसा." नट सगळ्यांना माहीत असतो, लेखक-दिग्दर्शक जाहिरातीत असतात. निर्मात्याचं नाव सगळ्यात वर असूनही त्याचं काम कुणाला सांगता येत नाही. माणूस निर्माता कसा होतो, पैसा कुठं घालतो, कुठं अडकतो, नाटकातून सिनेमात गेला की काय बदलतं, हे जाणकारांनी लिहावं. आकड्यांसकट लिहिलं तर उत्तम. किस्से नकोत, ते इतर धाग्यांवर पुष्कळ आहेत.

तिसरी घंटा

आधी एक गैरसमज काढू. पैसे लावतो तो भांडवलदार. नाटक निवडतो, माणसं जमवतो, तारखा मिळवतो, प्रयोग पडला तर नाईट (कलाकारांचं त्या प्रयोगाचं मानधन) खिशातून देतो आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला गाडी काढतो, तो निर्माता. मराठीत ही दोन्ही कामं बहुधा एकाच डोक्यावर असतात.

निर्माते येतात तीन वाटांनी. नट निर्माता होतो, नाट्यव्यवस्थापक किंवा कंत्राटदार (गावात प्रयोग लावणारा) निर्माता होतो, नाहीतर बाहेरचा धंदेवाईक हौसेनं येतो. तिसऱ्या वाटेचे बहुतेक दोन नाटकांत परत जातात. नट-निर्मात्याचा ठळक दाखला प्रभाकर पणशीकर (१९३१-२०११). 'तो मी नव्हेच'चा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ ला दिल्लीत झाला. नाटक अत्र्यांचं, संस्था मो. ग. रांगणेकरांची नाट्यनिकेतन. पणशीकर त्यात पाच रूपांत उभे राहिले आणि १९६३ साली त्यांनी स्वतःची नाट्यसंपदा काढली. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी नाव, मग संस्था. गावोगावचा कंत्राटदार संस्थेला ओळखत नाही, चेहऱ्याला ओळखतो, आणि चेहरा घरचाच असला की तारखांचं निम्मं भांडण मिटतं.

नट-निर्मात्याचा आणखी एक फायदा हिशेबात दिसत नाही. पडलेल्या प्रयोगाला तो स्वतःची नाईट घेत नाही. नाटक तगलं असं वाटतं ते पुष्कळदा या न घेतलेल्या पैशावर.

१९६७ साली नाट्यसंपदेनं 'कट्यार काळजात घुसली' आणलं. संगीत नाटक म्हणजे वादक आले, म्हणजे प्रत्येक प्रयोगाला तीन-चार नाईट जास्त, शिवाय गाता येणारे नट. नटाच्या जागी बदली उभा करता येतो, गायक-नटाच्या जागी करता येत नाही, म्हणून संगीत नाटकाची तारीख एका घशावर अवलंबून असते. त्यातली मूळची झरीना म्हणजे आपल्या सोलापूरच्या गायिका-अभिनेत्री फैयाज, हे इथल्या पोरांना आता सांगावं लागतं.

विंगेतून

पणशीकरांचा विषय निघालाच आहे तर फिरत्या रंगमंचाबद्दल लिहितो. 'तो मी नव्हेच' त्यावरच चालायचं, आणि निर्मात्याचा निर्णय म्हणजे काय हे त्यातून नीट कळतं.

फिरता रंगमंच म्हणजे मधोमध खुंटा आणि खाली चाकं असलेली गोल तबकडी. वर आडवी भिंत घालून दोन किंवा तीन भाग करायचे. पुढच्या भागात प्रवेश चालू असताना मागं पुढचं घर मांडून होतं. २० फूट व्यासाच्या तबकडीचा घेर ६३ फूट. अर्धा फेरा म्हणजे कडेला साडेएकतीस फूट. दहा सेकंदांत फिरवायची तर कडेचा वेग सेकंदाला तीन फूट, इतक्यात नट तोल न जाता उभा राहतो. याहून घाई केली की टेबलावरचा तांब्या लवंडतो.

बिघडतं ते जमिनीमुळं. दौऱ्यातल्या गावात रंगमंचाच्या फळ्या कुठं उचललेल्या, कुठं खचलेल्या असतात. एक चाक अधांतरी राहिलं की वजन शेजारच्या दोघांवर येतं आणि तबकडी कुरकुरत तिथंच बसते. उपाय एकच. मांडायच्या आधी खुंट्यापासून दोरीनं खडूचं वर्तुळ मारायचं, चाकं जिथून जाणार त्या रेषेवर पाणसळ (पातळी बघायचं साधन) ठेवत फिरायचं आणि खचलेल्या जागी ३ मिलिमीटरच्या प्लायच्या पट्ट्या भरायच्या. दीड तास जातो. हे न करता "बसेल बसेल" म्हणणारा दुसऱ्या अंकात पडदा टाकून माणसांकडून ढकलून घेतो.

आता निर्मात्याचा प्रश्न बघा. या तबकडीला एक मोठी गाडी, चार जादा माणसं आणि मांडायला दोन तास जास्त लागतात. म्हणजे एका दिवशी दोन गावं होत नाहीत. पण काळोख करून सामान हलवण्यात जाणारा वेळ वाचतो आणि प्रेक्षक ती फिरताना बघायलाच येतो. खर्च वाढवून गर्दी वाढवायची की खर्च कापून प्रयोग वाढवायचे? आज बहुतेकांनी दुसरं निवडलंय. एक दिवाणखाना, एक सोफा, तीन पात्रं. त्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण डिझेलचं बिल भरून ठेवावीत.

सातरस्ता

हेच हवं होतं. आता पैशाचं कुणीतरी लिहा.

हिशेबनीस

लिहितो. आकडे नमुन्याचे आहेत, कुठल्या एका नाटकाचे नव्हेत. प्रमाण मात्र असंच असतं.

समजा ८०० खुर्च्या धरल्या. २०० खुर्च्या ५०० च्या, २५० खुर्च्या ४०० च्या, ३५० खुर्च्या ३०० च्या. भरलं तर ३,०५,००० रुपये.

मुंबईहून फक्त सोलापूरला येऊन परत गेलात, जाऊन-येऊन ८०० किलोमीटर, तर खर्च असा पडतो. नटांच्या नाईट ७५ हजार. लेखक, दिग्दर्शक, संगीत यांचं प्रयोगागणिक मानधन १२ हजार. पडद्यामागची माणसं १८ हजार. बस आणि टेम्पो ५५ हजार. अठरा माणसांचं राहणं-जेवण २७ हजार. नाट्यगृह २० हजार, जाहिरात २५ हजार, तिकीटविक्रीचं कमिशन ८ हजार, किरकोळ ५ हजार. बेरीज २,४५,०००. म्हणजे ८० टक्के खुर्च्या भरल्या तेव्हा कुठं शून्यावर आलात. साठ टक्के भरल्या तर ६२ हजार गेले. आणि साठ टक्के गर्दी बघून प्रेक्षक बाहेर पडताना म्हणतो, "चांगली गर्दी होती की!"

आता हाच प्रयोग साखळीत घ्या. शुक्रवारी रात्री पुणे, शनिवारी सोलापूर, रविवारी लातूर, मग परत. एकूण हजार-अकराशे किलोमीटर, गाडीखर्च ७५ हजार. तीन प्रयोगांत वाटला तर प्रत्येकी २५ हजार. सोलापूरचा खर्च २,१५,००० वर आला आणि शून्यावर यायला ७० टक्के खुर्च्या पुरल्या. दहा टक्के म्हणजे ऐंशी खुर्च्या. निर्मात्याची सगळी कारकीर्द या ऐंशी खुर्च्यांवर चालते. म्हणून नाटक सोलापूरला येतं की नाही हे सोलापूरकर ठरवत नाहीत, त्या आठवड्यात लातूरची तारीख मिळाली का, यावर ठरतं.

तिकिटाचं. नाटकाच्या तिकिटाला ५०० रुपयांपर्यंत जीएसटी नाही (ही मर्यादा आधी २५० होती, २०१८ च्या जानेवारीत वाढली). पाचशेच्या वर गेलात की पूर्ण रकमेवर १८ टक्के. ५५० चं तिकीट लावलंत तर कर जाऊन हातात ४६६ राहतात, म्हणजे पाचशेच्या तिकिटापेक्षा ३४ रुपये कमी. फायदा व्हायला ५९० च्या पुढं जावं लागतं. पुढच्या रांगांचे दर ५०० ला येऊन थांबलेले दिसतात त्याचं एक कारण हे.

याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. तिकिटावर कर नाही म्हणून खर्चावर भरलेल्या कराची वजावटही नाही. नेपथ्याचं प्लायवूड, जाहिरात, भाडं यावरचा जीएसटी सगळा खर्चातच जातो. नटाच्या मानधनातून १० टक्के टीडीएस कापून सरकारात भरायचा तो वेगळा. रोखीनं नाईट वाटून हे टाळणारे नंतर अनुदानाचे कागद करताना रडतात.

बाळीवेस

हिशेबनीस, जाहिरातीला २५ हजार कमीच धरलेत. बाकी बरोबर.

सोलापूरच्या तारखांबद्दल थोडं, कारण बाहेरचा निर्माता इथं चुकतो. मकरसंक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. होम मैदान आणि पार्क चौक गजबजलेला, आणि हुतात्मा स्मृती मंदिर हे नाट्यगृह तिथंच. गाडी लावायला जागा नाही, बाहेर पाळण्यांचे भोंगे. शिवाय नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी तिकीट काढून आत बसणारा सोलापूरकर अजून जन्मायचाय. जानेवारीचा पहिला आठवडा किंवा एकदम महिनाअखेर धरा. फेब्रुवारी-मार्च परीक्षा. एप्रिल-मे ऊन, दुपारचा प्रयोग लावूच नका. आषाढीला जिल्ह्यातली निम्मी वाहतूक पंढरपूरकडं वळलेली असते, टेम्पोला वेळ धरून चालत नाही. खरा हंगाम दिवाळीनंतर डिसेंबरपर्यंत.

दुसरं, वेळ. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री साडेदहाच्या सुमारास मुंबईकडं सुटते. संध्याकाळी पाचचा प्रयोग लावला तर आठपर्यंत संपतो, नट जेवून गाडी पकडतात आणि सकाळी मुंबईत शूटिंगला हजर. साडेनऊचा लावला तर मुक्काम आलाच. मालिकांत काम करणारे नट असतील तर पाचचाच प्रयोग मिळतो, आणि कारखान्यातली, दुकानातली माणसं पाचला येऊ शकत नाहीत. ही कात्री कुणालाच सुटलेली नाही.

तिसरं, लोकसंख्येकडं बघून हिशेब करू नका. या शहराच्या घराघरांत तेलुगू, कन्नड, उर्दू बोलली जाते. पूर्वभागातला प्रेक्षक सिनेमाला तुफान येतो, मराठी नाटकाला क्वचित. मराठी नाटकाचा ठरलेला प्रेक्षक दोन प्रयोगांत संपतो, त्यामुळं तेच नाटक लगेच पुन्हा आणू नये.

विंगेतून

बाळीवेस यांनी बाहेरचं सांगितलं, मी आतलं सांगतो.

पुण्याचा प्रयोग साडेबाराला संपला तर सेट उतरवून टेम्पो भरायला दीड-पावणेदोन. अडीचशे किलोमीटर. टेम्पो सोलापुरात सकाळी आठ-नऊला. पाचच्या प्रयोगाला दोनपर्यंत सेट उभा, चारपर्यंत प्रकाश आणि आवाज तपासून झाला पाहिजे. म्हणजे झोप गाडीतच.

दौऱ्याचा सेट मुळातच वेगळा बांधावा लागतो. मुंबईतल्या शुभारंभाला सुतार खिळे मारून मोकळा होतो, तो सेट दहाव्या प्रयोगाला हलायला लागतो. दौऱ्याच्या फ्लॅटला (सेटच्या भिंतीचा सुटा तुकडा) पिन निघणाऱ्या बिजागऱ्या लावायच्या, दर चार फुटी फ्लॅटला वर-मध्ये-खाली अशा तीन. पिना सुतळीनं त्याच फ्लॅटला बांधून ठेवायच्या, नाहीतर तिसऱ्या गावात पिनांच्या जागी वाकवलेले खिळे दिसतात. दार असलेल्या फ्लॅटला मागून तिरका टेकू आणि टेकूवर वजन हवंच. नट रागानं दार आपटतो आणि अख्खी भिंत थरथरते, तिथं प्रेक्षक हसला की तो प्रसंग गेला.

वीज. एक किलोवॅटचे वीस दिवे लावले तर एका फेजवर ८७ अँपिअर. तीन फेजवर वाटले तर प्रत्येकी २९. नाट्यगृहात पोचल्यावर पहिलं काम हे की तिन्ही फेज चालू आहेत का आणि कुठला फेज वातानुकूलनाला दिलाय ते विचारणं. प्रयोगात मधेच दिवे मंद होतात ते बहुतेक वेळा या वाटपाच्या चुकीनं. एलईडी आल्यापासून भार बराच उतरलाय, पण जुन्या दिव्याचा चेहऱ्यावरचा उबदारपणा अजून त्यात येत नाही, म्हणून पुढचे चार-सहा जुनेच ठेवतात.

कॉलर माइक. सेल प्रत्येक प्रयोगाला नवे, मध्यंतरात तपासायचे. चाळीस-पन्नास रुपये वाचवायला कालचे सेल वापरणारा तिसऱ्या अंकाचा क्लायमॅक्स घालवतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात घाम माइकच्या तोंडात जाऊन आवाज बुडबुड येतो. तिथं माइक छातीवरून काढून केसांच्या रेषेत चिकटपट्टीनं लावतात.

तिसरी घंटा

सातरस्ता, सुरुवातीची पायरी राहूनच गेली, ती सांगतो. संहिता आवडली की आधी लेखकाशी लेखी करार. त्यात प्रयोगाचं मानधन, किती वर्षं, कुठल्या भाषा, आणि सिनेमा, मालिका, ओटीटीचे हक्क कुणाकडं, हे वेगवेगळ्या ओळींत हवं. "सर्व हक्क" असं मोघम लिहिलं की वीस वर्षांनी दोन कुटुंबं कोर्टात. मग संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं. प्रमाणपत्र संहितेला मिळतं, प्रयोगाला नव्हे. म्हणून नंतर नव्यानं घातलेले प्रवेश पुन्हा दाखवावे लागतात. हे पुष्कळ जण विसरतात.

तालमी महिना ते दीड महिना. या काळात उत्पन्न शून्य आणि हॉलचं भाडं, चहा-वडा, प्रवास चालू. मग रंगीत तालीम, शुभारंभ. पहिल्या पाच प्रयोगांत नाटक कापलं जातं. शुभारंभाला पावणेतीन तासांचं असलेलं नाटक पंचविसाव्या प्रयोगाला सव्वादोन तासांचं झालेलं असतं आणि बहुतेक वेळा सुधारलेलं असतं. सरकारी अनुदान आहे, पण ते प्रयोगांमागं. आधी स्वतःच्या पैशानं प्रयोग करायचे, कागद लावायचे, मग वाट बघायची. अनुदान धरून नाटक काढू नये, मिळालं तर पुढच्या नाटकाला ठेवावं.

रीळवाला

नाटकवाल्यांनी पाच प्रयोगांत कापायची चैन सांगितली. सिनेमात ती नाही. शुक्रवारी लागला तो लागला.

नाट्यनिर्माता सिनेमात आला की पहिला फटका व्याजाचा. नाटकात पैसा हप्त्याहप्त्यानं जातो आणि प्रयोगाप्रयोगानं येतो. सिनेमात तीन कोटी आधी जातात. ते १८ टक्क्यांनी उचलले असतील तर महिन्याला साडेचार लाख व्याज. संकलन, ध्वनी, रंग दुरुस्ती, मग "चांगली तारीख मिळेना" यात सहा महिने गेले तर २७ लाख पडद्यावर न दिसता संपले. एवढ्यात एक नाटक उभं राहून दौऱ्यावर निघतं.

दुसरा फटका वाट्याचा. प्रेक्षक १५० रुपये देतो. त्यातला १८ टक्के कर काढला की १२७ उरतात. मल्टिप्लेक्सशी २००९ साली हिंदी निर्माते-वितरकांचा जो समझोता झाला त्यात पहिल्या आठवड्याला ५० टक्के, दुसऱ्याला साडेबेचाळीस, तिसऱ्याला साडेसदतीस, चौथ्याला ३० असा वितरकाचा वाटा ठरला. तोच ढाचा धरला तर पहिल्या आठवड्यात हाती ६३ रुपये. तीन कोटींचा सिनेमा, ५० लाख प्रसिद्धी, तर नुसत्या तिकिटांवर वसुली करायला साडेपाच लाख माणसं पहिल्याच आठवड्यात यायला हवीत. ती येत नाहीत, म्हणून टीव्ही आणि ओटीटीचे हक्क आधी विकायची धडपड. राज्याची अनुदान योजना अ दर्जाला ४० लाख आणि ब दर्जाला ३० लाखांपर्यंत देते. त्यानं खड्डा लहान होतो, बुजत नाही.

जिल्ह्यात चित्रीकरण करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण इथं दर दुसऱ्या कथेत बैल असतो. नागराज मंजुळे करमाळ्याच्या जेऊरचे. 'सैराट' (२०१६) त्या भागात चित्रित झाल्यावर इकडं कॅमेरे वाढले. खिलार जोडी दिसली की दिग्दर्शकाला मोह होतो. पण कुठलाही प्राणी कामाला लावायचा तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची आधी परवानगी लागते, कार्यालय हरियाणात बल्लभगडला. अर्जात प्राणी किती, प्रसंग काय, पशुवैद्य कोण, सगळं द्यावं लागतं. नंतर तिथलं प्रमाणपत्र नसेल तर सेन्सॉर पुढं सरकत नाही आणि तो प्रसंग कापावा लागतो. "गावातलाच बैल आहे, मालक आपलाच" हे उत्तर तिथं चालत नाही.

बाळीवेस

रीळवाला, तरीही नाट्यनिर्माते सिनेमाकडं जातातच की.

रीळवाला

जातात, कारण नाटकाचा प्रयोग थांबला की उत्पन्न थांबतं. नट आजारी, प्रयोग रद्द, पैसा बंद. सिनेमा चालला तर त्याचे हक्क झोपेतही कमावतात. नाट्यनिर्मात्याच्या साठीनंतर हा फरक फार जाणवतो. सेट गोदामात कुजतो, गोदामाचं भाडं चालू राहतं आणि नाटकाच्या नावावर फार तर पुनरुज्जीवनाची तडजोड होते. म्हणून मघाशी तिसरी घंटा यांनी हक्कांच्या वेगवेगळ्या ओळी लिहायला सांगितल्या त्या निर्मात्यानंही स्वतःसाठी लिहून घ्याव्यात.

सातरस्ता

शेवटचा प्रश्न. इथल्या हौशी मंडळींना राज्य नाट्य स्पर्धेचा अनुभव आहे. एखाद्या संस्थेनं मुंबईचं नाटक सोलापूरला आणायचं ठरवलं तर आधी काय करायचं? उक्तं घ्यायचं की टक्केवारीनं?

हिशेबनीस

पहिल्यांदा टक्केवारीनं. उक्तं म्हणजे ठरलेली रक्कम देऊन प्रयोग विकत घेणं. रिकाम्या खुर्च्या तुमच्या. टक्केवारीत तिकिटांचं उत्पन्न वाटून घ्यायचं, त्यामुळं दोघंही घाबरून असतात, म्हणून दोघंही जाहिरात करतात. नाट्यगृहाची तारीख स्वतःच्या संस्थेच्या नावानं घ्या, अनामतीची पावती जपून ठेवा आणि निर्मात्याला विसार द्यायच्या आधी विचारा की शुक्रवारी आणि रविवारी त्यांचे प्रयोग कुठं आहेत. उत्तर "अजून ठरायचंय" असं आलं तर थांबा. त्या प्रयोगाचा सगळा गाडीखर्च तुमच्या डोक्यावर येणार आहे.

विंगेतून

आणि सेटची उंची विचारा. बारा फुटी फ्लॅट असेल तर टेप घेऊन सामान आत न्यायचं मागचं दार आधी मोजून या.